पालघरच्या काळ्या मातीचा तेरावा आकडा

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ आकडे असतात. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक. जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. आणि शेवटी सामू, विद्युत वाहकता व सेंद्रिय कर्ब. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडला ही योजना सुरू झाली. तेव्हापासून बिकानेरच्या वाळूला जो साचा, तोच पालघरच्या काळ्या भातखाचराला. या बारांमध्ये मातीत चिकण किती टक्के आहे, हा आकडा नाही. ती चिकण कोणत्या जातीची, हे तर नाहीच.

हंगामी पिकासाठी नमुना घेतात तो वरच्या १५ सेंटिमीटरचा. भारी काळ्या जमिनीला शास्त्रीय वर्गीकरणात ‘व्हर्टिसोल’ म्हणायचं की नाही, हे ठरवणाऱ्या बहुतेक कसोट्या १८ सेंटिमीटरच्या खाली सुरू होतात आणि एक मीटरपर्यंत जातात. आपला नमुना थांबतो, त्याच्या थोडं खाली मातीची खरी ओळख सुरू होते. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात पाणी, मीठ, भेगा, कारखान्यांचं सांडपाणी आणि घरांचे पाये, या सगळ्यांचा हिशेब चिकणीच्या टक्क्यावर अडतो. इतकंच नाही, कार्डावर छापलेले काही आकडेसुद्धा या तेराव्या आकड्याशिवाय नीट वाचता येत नाहीत. ते कसं, ते पुढे येईल.

आधी व्याख्या उरकून घेऊ. २ मायक्रॉनपेक्षा बारीक कण म्हणजे चिकण. २ ते ५० मायक्रॉन पोयटा आणि त्यावर २ मिलिमीटरपर्यंत वाळू. त्याहून मोठं ते खडे-मुरूम. मातीच्या हिशेबात ते धरत नाहीत. पण नुसतं बारीक असणं पुरेसं नसतं. काळ्या जमिनीतली प्रमुख चिकण ‘स्मेक्टाइट’ गटातली असते, तांबड्या-जांभ्या जमिनीतली बहुतांशी ‘केओलिनाइट’. स्मेक्टाइटचे पापुद्रे आतून उघडतात, पाणी पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं. त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमला आतलं-बाहेरचं मिळून ७०० ते ८०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. केओलिनाइटला १० ते २०. सोनाराच्या मापात सांगायचं तर एक तोळा स्मेक्टाइट उलगडून पसरलं तर दोन एकर भरतं, एक तोळा केओलिनाइट एक-दोन गुंठे. पाणी, खत, मीठ, विषारी धातू हे सगळं याच पृष्ठभागाला चिकटतं किंवा चिकटत नाही. धन आयन धरून ठेवण्याची क्षमता स्मेक्टाइटमध्ये किलोमागे ८० ते १५० सेंटिमोल, केओलिनाइटमध्ये ३ ते १५.

आता पावसाचा हिशेब. राज्याच्या ९ कृषी-हवामान विभागांत पालघर येतो तो बिगर-जांभ्या जमिनीच्या अतिपावसाच्या विभागात, म्हणजे उत्तर कोकणात. या विभागाचा सरासरी पाऊस २६०७ मिलिमीटर आणि तो पडतो ८७ दिवसांत. भागाकार केला तर पावसाच्या प्रत्येक दिवशी ३० मिलिमीटर. एका हेक्टरवर ३० मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर पाणी. पूर्ण भिजून फुगलेल्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे दिवसाला फार तर २४. रोज येणारं ३०, मुरणारं २४ किंवा कमी. चिखलणी केली की मुरणं आणखी घटून दिवसाला काही मिलिमीटरवर येतं. या जमिनीवर पावसाळ्यात भाताशिवाय दुसरं काय घेणार? तुंबलेल्या पाण्याची जमीन आणि तुंबलेल्या पाण्यात वाढणारं पीक, एवढाच हा व्यवहार आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ज्या पाण्याने कापूस पिवळा पडतो, त्याच पाण्यात इथे आवणी होते.

पावसानंतरचं गणित वेगळं. अशा जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला मिळू शकणारं पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर. वालासारखं पीक रोज ३ मिलिमीटर उचलतं असं धरलं, तर १५० मिलिमीटरवर ५० दिवस निघतात. मुळं मीटरभर खाली गेली तरच, आणि भेगांमधून उडून जाणारं पाणी वजा न करता. भात कापल्यावर अंगओलीवर वाल किंवा हरभरा पेरायचा तर वाफसा चुकवून चालत नाही, तो याचमुळे. दोन दिवस आधी नांगर घातला तर ढेकळं चिखलाची, दोन दिवस उशीर झाला तर दगडाची. सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या बांधापर्यंत येतं त्यांच्यासाठी हे ५० दिवसांचं कोडं सुटतं. बाकीच्यांसाठी गवत आहेच.

वर्गीकरणाचा खरा मुद्दा इथून सुरू होतो. काळी जमीन ओळखताना आपण रंगाकडे बघतो; शास्त्र हालचालीकडे बघतं. १९७५ साली पुस्तकरूपाने आलेली अमेरिकी ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ आज भारतातही वापरली जाते. नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था तिच्याच आधारे नकाशे काढते. या पद्धतीत मातीचे १२ गण आहेत आणि व्हर्टिसोल हा त्यातला एक. अटी तीन. पृष्ठभागापासून ५० सेंटिमीटरपर्यंत चिकण किमान ३० टक्के. पहिल्या मीटरमध्ये निदान २५ सेंटिमीटर जाडीचा असा थर, ज्यात ढेकळं एकमेकांवर घासून गुळगुळीत, चकचकीत, रेषा उमटलेली झालेली असतात, किंवा ढेकळांचा आकार पाचरीसारखा आणि १० ते ६० अंशांनी कललेला असतो. आणि ठरावीक काळाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा. रंगाची अट नाही.

फुगण्याचं मापही ठरलेलं आहे. पूर्ण वाळल्यावर १०० सेंटिमीटर भरणारा मातीचा ठोकळा भिजल्यावर १०६ सेंटिमीटर झाला तर त्याची रेषीय वाढ ६ टक्के. १ मीटर खोलीत एकूण ६ सेंटिमीटर वाढ झाली, तर व्हर्टिसोलच्या बाकी अटी पुऱ्या न होताही मातीच्या नावाला ‘व्हर्टिक’ हे विशेषण लागू शकतं. ६ सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण वाढ तिन्ही दिशांना होते: १.०६ चा घन १.१९. कोरड्या १०० घनमीटर मातीचे भिजल्यावर ११९ घनमीटर होतात. ९ टक्क्यांच्या पुढची वाढ ‘अतिजास्त’ या वर्गात मोडते. तिथे हाच हिशेब १२९ वर जातो. ही जास्तीची माती बाजूला सरकायला जागा नसल्यामुळे तिरकी वर चढते, आणि ते चकचकीत पृष्ठभाग त्या घासण्यातून तयार होतात.

भेगांच्या दिवसांचीही मोजणी आहे. कोरड्या ऋतूच्या प्रदेशातल्या व्हर्टिसोलला, म्हणजे ‘उस्टर्ट’ला, वर्षातून एकूण ९० दिवस किंवा जास्त काळ ५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद भेगा उघड्या असाव्या लागतात. ऑक्टोबर ते मे असे आठ कोरडे महिने असणाऱ्या पालघरला ९० दिवस म्हणजे काहीच नाही. गंमत अशी की ही अट ‘ओलीत नसेल तर’ या शब्दांसह लिहिलेली आहे. कालव्याच्या पाण्याने भेगा मिटलेल्या राहिल्या म्हणून शेताची जात बदलत नाही. उलट बाजूला, खाचरात पाणी इतकं साचून राहिलं की ५० सेंटिमीटरच्या आत माती राखाडी पडली आणि मुळांच्या वाटांवर गंजासारखे ठिपके आले, तर हीच जमीन ‘उस्टर्ट’ न राहता ‘अक्वर्ट’ होऊ शकते. भाताच्या शेतात खड्डा खणला की हे ठिपके दिसतात. बहुतेकांना ते खताचे किंवा किडीचे वाटतात.

३० टक्के हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. कॅनडातल्या प्रेअरी प्रदेशात, सस्कॅचेवानमधल्या रेजायना शहराभोवती, हिमयुगातल्या तळ्याच्या गाळाची अशीच चिकट सपाट जमीन आहे आणि तिच्यावर गहू पिकतो. कॅनडाने आपल्या वर्गीकरणात या मातीचा स्वतंत्र गण केला तो १९९८ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्यांच्या या गणातली माती साधारणपणे ६० टक्के किंवा जास्त चिकणीची असते आणि त्यातली निदान निम्मी स्मेक्टाइट. टेक्सासची प्रेअरीतली सुप्रसिद्ध ‘ह्यूस्टन ब्लॅक’ अमेरिकी पद्धतीत ‘फाइन’ या वर्गात येते, म्हणजे चिकण ३५ ते ६० टक्के. समजा पालघर तालुक्यातल्या एखाद्या खाचरात ४५ टक्के चिकण निघाली आणि घासलेले पृष्ठभागही सापडले, तर ती माती टेक्सासवाल्यांच्या पंगतीत बसेल, कॅनडावाल्यांच्या बसणार नाही. मूळ खडकही वेगळा. कॅनडात हिमनद्यांनी दळलेला गाळ, इकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बसाल्ट.

एक प्रश्न जाणकाराला पडायलाच हवा. अडीच हजार मिलिमीटर पाऊस कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो, आणि ते गेले की स्मेक्टाइट टिकत नाही, त्याचं केओलिनाइट होतं. दक्षिण कोकणात जांभा तयार झाला तो अशाच धुण्यातून. मग एवढ्या पावसात काळी माती शिल्लक कशी राहते? याचं एक उत्तर तपस भट्टाचार्य, दिलीप पाल आणि देशपांडे यांनी १९९३ साली पश्चिम घाटातल्या बसाल्टवरच्या मातींच्या अभ्यासातून दिलं. बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं असतात. ती हळूहळू कॅल्शियम सोडत राहतात, आणि जिथे हा पुरवठा चालू असतो तिथे ओल्या हवामानातही स्मेक्टाइट तग धरतं. भट्टाचार्य पुढे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. याला जोड उताराची: डोंगरावरून धुतलेलं कॅल्शियम सखल खाचरात येऊन थांबतं. म्हणून एकाच गावात वर वरकस तांबूस आणि खाली खाचर काळं.

पालघर स्टेशनपासून शिरगावच्या समुद्रापर्यंतचं अंतर सात-आठ किलोमीटर. एवढ्यात आणि रुळांच्या जरा पलीकडे मिळून चार प्रकारची माती लागते. किनाऱ्याला लागून वाळूचा उंचवटा, ज्याच्यावर केळवे-माहीमसारख्या गावांच्या पानवेलीच्या आणि नारळाच्या वाड्या उभ्या आहेत. त्याच्या मागे खाडीच्या भरतीने भिजणारी खाजणं आणि खार जमीन. मग गोडी भातजमीन. रुळांच्या पलीकडे चढ सुरू झाला की वरकस, जिथे ५० सेंटिमीटरच्या आत खडक लागतो आणि शास्त्रीय नाव बहुधा ‘एन्टिसोल’ गणात जातं. जुन्या ठाणे जिल्ह्यात भाताच्या जमिनीचे खारी आणि गोडी असे दोन भाग पाडत. त्यात मीठ हा निकष आहे. चिकण दोन्हीकडे आहे.

खार जमिनीवर जरा थांबायला हवं, कारण कार्ड सर्वांत जास्त फसवतं ते इथे. संपृक्त मातीतून काढलेल्या पाण्याची वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट, हा १९५४ पासून चालत आलेला जागतिक निकष. समुद्राच्या पाण्याची वाहकता सुमारे ५०. भाताचं उत्पन्न ३ पर्यंत टिकतं आणि पुढे प्रत्येक एककामागे १२ टक्क्यांनी घटतं. ६ ला पोचलं की ३६ टक्के पीक गेलं. पण प्रयोगशाळेत आपल्याकडे वाहकता मोजतात ती संपृक्त मातीची नव्हे, तर एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घालून केलेल्या द्रावणाची. ते जास्त पातळ असतं. किती पातळ, ते चिकणीवर अवलंबून. भारी माती संपृक्त व्हायला स्वतःच्या वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणी घेते, वाळूसर माती ३० टक्के. ढोबळ हिशेब असा: कार्डावर १.० लिहिलेलं असेल, तर भारी जमिनीत खरी वाहकता २५० भागिले ७०, म्हणजे साडेतीनच्या आसपास. वाळूसर जमिनीत २५० भागिले ३०, म्हणजे आठच्या वर. पहिल्या शेतात भात जवळजवळ पूर्ण येईल, दुसऱ्यात निम्म्याहून कमी. कार्डावरचा आकडा मात्र दोघांचा एकच.

मीठ धुण्याचा ठोकताळा असा की जेवढी मातीची खोली तेवढ्या उंचीचं पाणी तिच्यातून आरपार गेलं, तर साधारण ८० टक्के विद्राव्य क्षार निघून जातात. ६० सेंटिमीटर मातीसाठी ६०० मिलिमीटर. पाऊस तेवढा जुलैअखेर सहज होतो. पण तासाला १ मिलिमीटर मुरणाऱ्या जमिनीतून ६०० मिलिमीटर जायला ६०० तास लागतात, म्हणजे २५ अखंड दिवस, तेही खाली निचरा असेल तर. त्यात स्मेक्टाइटचा आणखी एक स्वभाव आड येतो. मीठ भरपूर असेपर्यंत चिकणीचे कण गोळा होऊन राहतात आणि पाणी जातं. पावसाने मीठ धुतलं, पण कणांना चिकटलेलं सोडियम मागे उरलं, की कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि जमीन बंद पडते. विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर गेलं की हा धोका खरा. त्यावर जिप्समचा इलाज आहे. पण जिप्सम किती टाकायचं, तो हिशेबसुद्धा धन आयनांच्या क्षमतेवरून, म्हणजे पुन्हा चिकणीवरूनच निघतो. खार जमिनीत अनेक ठिकाणी चिखलणी न करता मोड आलेलं बी फोकतात. माती न चिघळवता क्षार खाली जाऊ द्यायचे, हा त्यामागचा व्यवहार. बांधांसाठी आधी १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा होता, नंतर १९७९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, संशोधनाला पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. तरी बांध एका रात्री फुटला की तीन पावसाळ्यांचं धुणं वाया जातं, हे मुरबे-सातपाटीकडच्या माणसाला कोणी सांगायला नको.

तारापूरचा सर्वांत गाजलेला आकडा मात्र मातीचा नाहीच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला २००९ साली ७२.०१ आणि २०१८ साली ९३.६९ गुण मिळाले. ७० च्या वर ‘अतिप्रदूषित’. २०१८ मध्ये हा देशातला सर्वांत वरचा आकडा होता. निर्देशांकात हवा, पृष्ठभागावरचं पाणी आणि ‘जमीन’ असे तीन घटक असले, तरी जमीन या नावाखाली मोजतात ते भूजल. माती कुठेच नाही. आणि मातीचं काम इथे साधं नाही. स्मेक्टाइट ऋणभारित असल्यामुळे शिसं, कॅडमियम, तांबे, जस्त हे धन आयन धरून ठेवतं. भूजल त्यामुळे काही काळ वाचतं आणि विष वरच्या थरात साठत जातं. क्रोमेट किंवा क्लोराइडसारखे ऋण आयन मात्र ते जवळपास अडवत नाही. म्हणजे भारी मातीच्या शेतालगतच्या विहिरीचं पाणी ठीक निघालं, एवढ्यावरून शेत ठीक ठरत नाही. आरोग्य पत्रिकेत तांबे आणि जस्त आहेत, पण अन्नद्रव्य म्हणून: जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेलं तर कमतरता. जास्त किती म्हणजे धोका, त्याचा रकाना नाही. शिसं आणि क्रोमियमचा तर प्रश्नच नाही. औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या गावांसाठी तरी हा साचा वेगळा असायला हवा, असं मला ठाम वाटतं.

नकाशा या कामी फारसा येत नाही. नागपूरच्या संस्थेचे महाराष्ट्राचे मृदा नकाशे १:२,५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. पालघर ते बोईसर हे रेल्वेचं १२ किलोमीटर अंतर त्यावर पाच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, आणि वाडी-खार-गोडी-वरकस या चारही माती तीन सेंटिमीटरमध्ये दाटीवाटीने बसतात. एका शेताला उत्तर हवं असेल तर १:१०,००० च्या आसपासचं प्रमाण लागतं.

मग शेतकऱ्याने चिकण मोजायची कशी? बाटलीत माती ढवळून थर बघायची युक्ती शाळेच्या पुस्तकातही असते, पण ती इथे दोन कारणांनी फसते. २ मायक्रॉनचा कण १० सेंटिमीटर खाली बसायला २० अंश तापमानाच्या पाण्यात पावणेआठ तास लागतात. पालघरच्या मे महिन्यातल्या ३० अंशांच्या पाण्यात सहाच. वेळ चुकली की पोयटा चिकणीत मिसळून मोजला जातो. दुसरं, खार जमिनीत मीठ कणांना गोळा करतं आणि पाणी काही मिनिटांत नितळ होतं. ४० टक्के चिकणीची माती वाळूसारखी वागते. आधी माती गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊनच हा प्रयोग करायला हवा. हातावरची चाचणी त्या मानाने बरी: ओल्या मातीची अंगठ्याने पट्टी काढत जायचं, ५ सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता निघाली तर चिकण भरपूर.

फुगण्याचं माप काढायला बांधकामवाल्यांकडे सोपी पद्धत आहे. बोईसर परिसरात चाळी आणि इमारती उठतायत त्या अशाच जमिनींवर. सिव्हिल इंजिनीअर ‘व्हर्टिसोल’ म्हणत नाही, त्याच्यासाठी १९७० च्या भारतीय मानक १४९८ प्रमाणे ती ‘सीएच’ माती: द्रव मर्यादा ५० च्या वर. पायाची खोली किंवा खाली फुगीर टोकाचे पाइल ठरवण्याआधी तो मुक्त फुगवटा काढतो. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, भट्टीत वाळवलेली माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घालायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. २४ तास ठेवायचं. रॉकेलात स्मेक्टाइट फुगत नाही, पाण्यात फुगतं. रॉकेलात १२ मिलिलिटर आणि पाण्यात २१ झाली, तर फरक ९, भागिले १२, म्हणजे ७५ टक्के. ५० च्या आत कमी, १०० पर्यंत मध्यम, २०० पर्यंत जास्त, त्यापुढे अतिजास्त. आता रॉकेल मिळवणं हीच यातली मोठी अडचण. नमुना मात्र वरच्या १५ सेंटिमीटरचा घ्यायचा नाही. भात कापल्यावर, जमीन कडक व्हायच्या आत, मीटरभर खड्डा खणून ५० सेंटिमीटरच्या खालून घ्यायचा. खणताना बाजूच्या भिंतीवर चकचकीत तिरके पृष्ठभाग दिसले तर त्यांची खोली लिहून ठेवायची. माती खारवट असेल तर आधी धुवायची, नाहीतर फुगवटाही खोटा कमी निघतो.